कॅलिब्रेशन म्हणजे काय, आणि काय नाही : काटा, ओलावा मीटर, फवारणी पंप आणि पेरणी यंत्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाजार समितीत, जिनिंगवर, कृषी केंद्रात आणि आता गावातल्या दुकानातही ‘कॅलिब्रेशन’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. बोलणारे दहा आणि अर्थ चार. खालचे प्रश्न विदर्भातले शेतकरी, अडत्ये, मापारी, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि गोदामपाल हमखास विचारतात. काट्याचा भाग मोठा आहे, कारण पैसा तिथेच सगळ्यात जास्त सांडतो.

कॅलिब्रेशन म्हणजे नेमकं काय?

खात्रीच्या मापाशी आपलं उपकरण ताडून पाहायचं, किती फरक पडतो ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं. एवढंच.

खात्रीचं २० किलोचं वजन तुमच्या काट्यावर ठेवलं आणि काट्याने १९.९६ दाखवलं, तर ‘२० किलोला ४० ग्रॅम कमी दाखवतो’ ही नोंद म्हणजे त्या बिंदूवरचं कॅलिब्रेशन. अशा सात-आठ बिंदूंवरच्या नोंदी एकत्र केल्या की काट्याचा स्वभाव कळतो. स्क्रूला हात लागलेला नाही, बटण दाबलेलं नाही, काटा अजूनही चुकीचंच दाखवतो आहे. तरी कॅलिब्रेशन पूर्ण झालं.

पण मिस्त्री तर ‘कॅलिब्रेट करून दिलं’ म्हणजे ‘नीट करून दिलं’ असं म्हणतो?

म्हणतो, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो. मापनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय शब्दकोश ‘कॅलिब्रेशन’ आणि ‘ॲडजस्टमेंट’ यांची गल्लत करू नका, असं व्याख्येच्या टिपेतच बजावतो. तीन कामं वेगळी आहेत :

ताडून पाहणं, म्हणजे कॅलिब्रेशन. चूक किती ते कळतं.

जुळवणं, म्हणजे ॲडजस्टमेंट. चूक कमी होते.

पडताळणी. चूक कायद्याच्या मर्यादेत बसते की नाही, याचा होकार किंवा नकार मिळतो. होकार मिळाला की छाप बसते.

योग्य क्रम असा : आधी ताडा, गरज असेल तर जुळवा, मग पुन्हा ताडा. मिस्त्री मधलंच काम करून निघून गेला, तर जुळवण्याआधी काटा किती चुकत होता हे कायमचं गेलं. गेल्या हंगामात किती माल कमी-जास्त तोलला गेला याचा हिशोब मग कुणालाच लावता येत नाही. म्हणून मिस्त्री आल्यावर पहिलं वाक्य हेच बोला : ‘हात लावायच्या आधी वजनं ठेवून आकडे लिहा.’

याला मराठी शब्द कोणता?

शास्त्रीय लेखनात ‘अंशशोधन’ आणि ‘अंशांकन’ हे दोन शब्द दिसतात. अंश म्हणजे मापपट्टीवरच्या खुणा. त्या तपासून घेणं ते अंशशोधन, आणि मुळात त्या आखणं ते अंशांकन. आमचा कल अंशशोधनाकडे आहे, कारण काम तपासण्याचं आहे. ‘प्रमाणीकरण’ टाळलेलं बरं. तो शब्द बियाण्यालाही लागतो, कागदपत्रांनाही लागतो आणि वाचणारा गोंधळतो. ‘समायोजन’ म्हणजे जुळवणं, ते वेगळं काम हे वर आलंच आहे. बोलताना मात्र ‘कॅलिब्रेशन’च म्हणा. वावरात ‘अंशशोधन’ म्हटलं तर ऐकणारा तुमच्या तोंडाकडे पाहील.

नोंदवहीत वाक्य कसं लिहावं? ‘काटा कॅलिब्रेट केला’ एवढ्याने काहीच कळत नाही. ‘काटा ताडला : ५० किलोला ६० ग्रॅम कमी. जुळवला. पुन्हा ताडला : ५० किलोला फरक शून्य.’ असं लिहा.

हा शब्द आला कुठून?

तोफा-बंदुकांच्या नळीच्या व्यासाला इंग्रजीत ‘कॅलिबर’ म्हणतात. त्याचं मूळ बहुधा अरबी ‘कालिब’ म्हणजे साचा. नळी साच्याशी ताडून पाहायची, यावरून एकोणिसाव्या शतकात ‘कॅलिब्रेट’ हे क्रियापद रुळलं. मुळातही ताडणंच होतं, दुरुस्ती नव्हे.

आपल्या जुन्या तराजूत असं काही नव्हतं का?

होतं की. पासंग! दोन पारडी रिकामी असताना सारखी राहत नसतील, तर हलक्या बाजूला खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधायचे, तो पासंग. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ ही म्हण तिथलीच. आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं ‘झिरो’ बटण तेच काम करतं, रिकामं असताना शून्यावर आणतं.

पण पासंग लावला म्हणजे तराजू खरा झाला असं नाही. दांडीचे दोन हात कमी-जास्त लांबीचे असतील, तर रिकामा तराजू सारखा राहील आणि माल ठेवला की खोटं बोलेल. तपासायचा जुना उपाय सोपा होता : वजन आणि माल यांची पारडी बदलायची. इलेक्ट्रॉनिक काट्यातही ‘शून्य बरोबर, पण भार वाढला की चूक वाढते’ हा दोष असतो. त्याला स्पॅनची चूक म्हणतात. शून्य दिसतंय म्हणून काटा खरा, असं समजणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं.

वैध मापन खात्याची छाप आहे. मग वेगळं कॅलिब्रेशन कशाला?

छाप सांगते की त्या दिवशी काटा मर्यादेत होता. पुढचे अकरा महिने त्याने काय केलं, हे छाप सांगत नाही.

कायदा आहे वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९. तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. खरेदी-विक्रीत वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी, तर लोखंडी वजनं, लिटरची मापं आणि दांडीचा तराजू यांची दर २४ महिन्यांनी करून घ्यावी लागते. छापेवर वर्षाचे आकडे आणि तिमाहीचं अक्षर असतं : ए, बी, सी किंवा डी. काट्यापुढे उभं राहून पहिल्यांदा तेच वाचा. दुकानात पडताळणीचं प्रमाणपत्र दिसेल असं लावलेलं असायला हवं.

उलटही तितकंच खरं. खासगी प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र कितीही झकास असलं, तरी व्यापाराच्या काट्याला छाप लागतेच. घरी बियाणं तोलायला ठेवलेल्या काट्याला छापेची सक्ती नाही, पण ताडून पाहण्याची गरज आहे.

काटा चुकतोय हे कळलं. मागचं सील काढून आपणच जुळवू का?

व्यापाराचा काटा असेल तर नाही. सील तुटलं की छाप गेली, आणि छापेविना तोलणं हा गुन्हा आहे. परवानाधारक दुरुस्तीकाराकडून जुळवून घ्या आणि पुन्हा पडताळणी करून घ्या.

घरगुती काटा जुळवायला हरकत नाही. पण एक चूक फार होते. जुळवताना काटा आधी रिकामा भार ‘शून्य’ म्हणून टिपतो, मग एखादं ठरावीक वजन, समजा ५० किलो, मागतो. लोक खताची बॅग ठेवतात. बॅग ४९.८ किलोची निघाली, तर काटा तिलाच ५० मानतो आणि त्यानंतरचं प्रत्येक वजन क्विंटलमागे ४०० ग्रॅम जास्त दाखवतो. सिमेंटची बॅग, खताची बॅग, २० लिटरचा पाण्याचा कॅन यांपैकी कशालाही प्रमाण वजन मानू नका.

१०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा घरच्या घरी कसा ताडायचा?

आधी काट्यावरची पाटी वाचा. तिथे कमाल क्षमता, किमान क्षमता आणि ‘ई’ असे आकडे असतात. ‘ई’ म्हणजे पडताळणीचं अंतर, ज्या पायरीने काट्याची चूक मोजतात ती पायरी. ती २० ग्रॅम आहे असं धरू. काट्याचा वर्गही लिहिलेला असतो, बाजारातले बहुतेक काटे वर्ग तीनचे. या वर्गाची किमान क्षमता २० ई असते, म्हणजे इथे ४०० ग्रॅम. त्याखालचं या काट्यावर तोलूच नये. १०० किलोच्या काट्यावर पाव किलो औषधाची पुडी तोलणारे आहेत, म्हणून सांगितलं.

मग हे करा :

काटा पक्क्या, सपाट जागेवर ठेवा. शेणाने सारवलेल्या जमिनीत पाय रुततात, खाली शहाबादी फरशी टाका. पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणा. पंखा बंद करा. काटा चालू करून १५–२० मिनिटं तसाच ठेवा.

जवळजवळ पूर्ण भार, दोन कट्टे किंवा दोन माणसं, दोन-तीन वेळा चढवून उतरवा. लोडसेल, म्हणजे काट्यातला भार ओळखणारा भाग, रात्रभर आखडल्यासारखा असतो, त्याने मोकळा होतो. मग शून्य करा.

आता चढत्या क्रमाने वजनं ठेवा : ५, १०, २०, ४०, ६०, ८० किलो. प्रत्येक आकडा लिहा, मनात ठेवू नका. मग उतरत्या क्रमाने परत या. चढताना ४० किलोला एक आकडा आणि उतरताना दुसरा आला, तर कुठेतरी घासतंय. बहुतेक वेळा प्लॅटफॉर्मखाली दाणे, काडीकचरा किंवा मातीचं ढेकूळ अडकलेलं असतं.

पुढे कोपरे. क्षमतेच्या साधारण एक तृतीयांश वजन, इथे ३० किलो, आधी मधोमध आणि मग चारही कोपऱ्यांच्या बाजूला एकेकदा ठेवा. पाचही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एकच कोपरा वेगळा बोलत असेल, तर त्या बाजूचा पाय उचललेला आहे किंवा काटा कधीतरी आपटला आहे. हमाल कट्टा वरून टाकतो ना, त्याचा हा परिणाम. हा दोष बटणाने जात नाही.

शेवटी तेच वजन त्याच ठिकाणी तीनदा ठेवून पाहा. तीनदा तीन वेगळे आकडे येत असतील, तर कॅलिब्रेशन तिथेच थांबवा. जो काटा स्वतःशीच सहमत नाही, त्याला जुळवून उपयोग नाही.

आमच्याकडे एकच २० किलोचं छाप असलेलं वजन आहे. १०० किलोपर्यंत कसं ताडणार?

एकाच वजनावर भागतं, फक्त वेळ लागतो. २० किलोचं वजन ठेवा, आकडा लिहा. ते काढून चुंगडीत (पोत्यात) हरभरा किंवा वाळू भरत जा, अगदी तोच आकडा येईपर्यंत. काटा चुकीचा असला तरी बिघडत नाही, चुंगडी आता वजनाइतकीच झाली. ती काट्यावर राहू द्या, शेजारी लोखंडी वजन ठेवा : झाले ४० किलो. पुन्हा वजन काढा, दुसरी चुंगडी भरा. असं चढत जा. दर पायरीला थोडी चूक साठत जाते, म्हणून पाचापेक्षा जास्त पायऱ्या नकोत.

आकडे लिहिले. आता ते वाचायचे कसे?

समजा २० किलोला १९.९६, ४० ला ३९.९२ आणि ६० ला ५९.८८ आले. चूक भारासोबत वाढते आहे : ४०, ८०, १२० ग्रॅम. ही स्पॅनची चूक, क्विंटलमागे २०० ग्रॅम. जुळवून जाते. तिन्ही ठिकाणी सरसकट ६० ग्रॅम कमी आले असते, तर ती शून्याची चूक. मधल्या भारांना बरोबर आणि वरच्या भारांना अचानक कमी असेल, तर प्लॅटफॉर्म वाकून खाली कुठेतरी टेकतो आहे.

मर्यादा किती? वर्ग तीनच्या काट्याला पडताळणीच्या वेळी ५०० ई पर्यंत अर्धा ई, २००० ई पर्यंत एक ई आणि त्यावर दीड ई चूक चालते. वापरातल्या काट्याला याच्या दुप्पट. आपल्या काट्याला म्हणजे १० किलोपर्यंत २० ग्रॅम, ४० किलोपर्यंत ४० ग्रॅम आणि पुढे ६० ग्रॅम. वरच्या उदाहरणातला काटा २० किलोला काठावर पास आणि ४० ला नापास. एकच लहान वजन ठेवून ‘काटा बरोबर आहे’ म्हणणारा माणूस लबाड असेलच असं नाही, पण त्याने तपासलेलं काहीच नाही.

चालू केल्यावर काटा ९ पासून ० पर्यंत आकडे मोजतो. ते आपोआप कॅलिब्रेशन ना?

नाही. आकड्यांचे दिवे लागतात का ते काटा पाहतो आणि शून्य पकडतो. त्या वेळी प्लॅटफॉर्मवर काही ठेवलेलं असेल, तर तेही शून्यात जमा होतं.

छाप ताजी असूनही काटा चुकायला का लागतो?

ऊन हे पहिलं कारण. पाटीवर वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर अशा काट्यांची कामाची मर्यादा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच धरलेली असते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे टिनाच्या शेडमध्ये किती असतं ते सांगायला नको. सकाळी सातला शून्य केलेला काटा दुपारी दोनला पुन्हा शून्य करावा लागतो, आणि हरभरा-तुरीच्या खरेदीत ते कुणी करत नाही.

बाकी कारणं : उतरलेली बॅटरी, उंदरांनी कुरतडलेली लोडसेलची वायर, पावसाळ्यात जोडणीच्या डब्यात शिरलेली ओल. अशा वेळी आकडा स्थिर न राहता हळूहळू सरकत जातो. त्यावर इलाज वाळवणं किंवा वायर बदलणं, जुळवणं नव्हे. सरकता काटा जुळवला, तर तो नव्या जागेवरून सरकायला लागतो.

कडता, मातेरं, बारदान्याची सरसकट वजावट यांतून होणारी घट काट्याच्या चुकीत धरू नका. ते माणसांचे व्यवहार आहेत. बारदान्यासाठी रिकामं पोतं ठेवून टेअर करा, म्हणजे त्याचं वजन बटणाने वजा करा, एवढंच काट्याच्या हातात आहे.

दिल्लीहून मागवलेला काटा इथे आणल्यावर पुन्हा ताडावा लागतो म्हणतात. खरं का?

खरं. लोडसेल वजन मोजतो म्हणजे पृथ्वीची ओढ मोजतो, आणि ती सगळीकडे सारखी नसते. नागपूर दिल्लीच्या दक्षिणेला आहे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, त्यामुळे इथली ओढ दिल्लीपेक्षा साधारण ०.०५ टक्क्याने कमी भरते. दिल्लीत अचूक जुळवलेला काटा इथे ५० किलोला २५–३० ग्रॅम कमी दाखवेल. दोन पारड्यांच्या तराजूला हा त्रास नाही, कारण वजन आणि माल दोन्ही एकाच ठिकाणी हलके होतात.

धर्मकाट्यावर भरली गाडी आणि रिकामी गाडी दोन्ही तोलतात. मग चूक आपोआप वजा होत नाही का?

शून्याची होते, स्पॅनची होत नाही. काटा दोन्ही वेळा २० किलो जास्त दाखवत असेल, तर वजाबाकीत ते उडून जातात. पण काटा अर्ध्या टक्क्याने कमी दाखवत असेल, तर २५ क्विंटल कापसामागे १२.५ किलो गेले. क्विंटलला ७,००० रुपये धरले तर एका ट्रॉलीत ८७५ रुपये.

धर्मकाट्याचा ‘ई’ बहुधा १० किलोचा असतो, म्हणजे त्याहून बारीक फरक त्याला दिसतच नाही. ६० टनाच्या अशा काट्याला वापरात ५ टनापर्यंत १० किलो, २० टनापर्यंत २० किलो आणि त्यावर ३० किलो चूक कायद्याने चालते. पाच क्विंटल कापूस धर्मकाट्यावर नेणं म्हणूनच शहाणपणाचं नाही, लहान काट्यावर चुंगड्यांनी तोला. दोन्ही वेळा ड्रायव्हर एकतर बसलेला असावा किंवा उतरलेला. ट्रॉलीची सगळी चाकं पाटावर असावीत. पावसाळ्यात पाटाच्या कडेच्या फटीत चिखल-गोटे भरतात आणि पाट कडेला टेकतो, तोलायच्या आधी ती फट डोळ्यांनी पाहा.

ओलावा मीटर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा का दाखवतो?

कारण तो ओलावा मोजतच नाही. दाण्याचे मीटर बहुधा दाण्यांची विद्युत धारकता मोजतात, कापसात खुपसायचे पिनांचे मीटर विद्युत रोध मोजतात, आणि त्यावरून आत साठवलेल्या आलेखाने ओलाव्याचा अंदाज देतात. सोयाबीनचा आलेख वेगळा, तुरीचा वेगळा, धानाचा वेगळा. सोयाबीन टाकून बटण हरभऱ्याचं राहिलं, तर आकडा निरर्थक.

नेहमीच्या चुका अशा. उन्हात वाळत घातलेलं सोयाबीन गरम असतानाच मीटरमध्ये ओतलं : अर्धा तास सावलीत ठेवा. एका दिवसात कडक उन्हात वाळवलेला माल वरून कोरडा आणि आतून ओला असतो, त्या दिवशी मीटर कमी दाखवतो आणि रात्रभर ढिगात राहिल्यावर सकाळी जास्त. घरी ११ आणि बाजारात १३ आला की लगेच ‘मीटर सेट केलंय’ असं म्हणू नका, आधी हा विचार करा. नमुना मीटरच्या पेल्यात दाबून भरला तरी आकडा चढतो. कापसात पिना किती दाबल्या, यावर तर सगळंच अवलंबून असतं.

मीटर खरा की खोटा, हे ओव्हनमध्ये ठरतं. नमुना तोला, ठरलेल्या तापमानाला वाळवा, पुन्हा तोला. अख्ख्या सोयाबीनसाठी १०३ अंश सेल्सिअसवर ७२ तास ही प्रचलित पद्धत आहे. १५ ग्रॅमचे १३.२ ग्रॅम उरले तर १.८ ग्रॅम पाणी, म्हणजे १२ टक्के. मीटरवर त्याच मालाला १३ आला असेल, तर चूक अधिक एक. ९ ते १६ टक्क्यांमधले निदान पाच नमुने असे ताडा. सगळ्यांना सारखाच फरक असेल तर मीटरमधली ऑफसेटची, म्हणजे प्रत्येक आकड्यात ठरावीक फरक मिळवायची किंवा वजा करायची, सोय वापरा. कोरड्या मालाला कमी आणि ओल्याला जास्त असा फरक असेल, तर ऑफसेटने एक बाजू सुधारते आणि दुसरी बिघडते.

हा एक टक्का किती पैशांचा? हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनची मर्यादा १२ टक्के आणि धानाची १७ टक्के आहे. कापसात सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ८ टक्के आधार धरते आणि १२ च्या वर माल घेत नाही, मधल्या प्रत्येक टक्क्यामागे भाव उतरतो. वजनातली घट मोजायची रीतही माहीत असू द्या : १५ टक्के ओलाव्याचं १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांवर आणलं तर ८५ भागिले ०.८८, म्हणजे ९६.६ किलो उरतं. ‘तीन टक्के ओलावा म्हणून तीन किलो’ हा हिशोब थोडा चुकतो.

फवारणी पंपाचं कॅलिब्रेशन कसलं? तो तर काही मोजत नाही.

बरोबर शंका आहे. इथे ताडायचं असतं ते पंप, नोझल आणि तुमची चाल यांचं एकत्र माप : एकरी किती पाणी पडतं.

१० मीटर बाय १० मीटर जागा आखा, हा बरोबर एक आर झाला. टाकीत साधं पाणी एका खुणेपर्यंत भरा. नेहमीच्या चालीने, नेहमीच्या दाबाने ती जागा फवारा. मग मापाच्या भांड्याने पुन्हा खुणेपर्यंत पाणी भरा आणि किती लागलं ते लिहा. एकराचे ४०.५ आर, म्हणून आलेला आकडा ढोबळमानाने ४० ने गुणा.

लहान कपाशीला सव्वा लिटर लागलं, तर एकरी ५० लिटर, म्हणजे १६ लिटरचे तीन पंप आणि थोडं. तीच कपाशी छातीएवढी झाल्यावर ५ लिटर लागलं, तर एकरी २०० लिटर, साडेबारा पंप. आता ‘एका पंपाला १० मिली’ हा कृषी केंद्रातला सल्ला घ्या. लहान कपाशीत एकरी ३१ मिली जातं, मोठीत १२५. एकाच सल्ल्यातून चौपट फरक! लेबलवर एकरी किंवा हेक्टरी मात्रा लिहिलेली असते. ती आपल्या पंपांच्या संख्येने भागा आणि पंपाची मात्रा काढा. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून त्याची पंपामागची मात्रा साध्या पंपापेक्षा जास्त असते, पण एकरी औषध तेवढंच राहिलं पाहिजे. साध्या पंपाची मात्रा डोळे झाकून त्यात घालू नका, आणि त्याची साध्या पंपात तर मुळीच नको.

नोझलही ताडा : एक मिनिट भांड्यात धरा, मिली मोजा. त्याच प्रकारच्या नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त पाणी येत असेल तर छिद्र झिजलं, नोझल बदला. तारेने कोरणं बंद करा, अर्धी नोझलं त्यानेच मरतात.

पेरणी यंत्रातून एकरी ३० किलो बी पडतंय हे पेरणीआधी कसं कळेल?

चाक उचलून फिरवा. पण चाकाचा घेर टेपने मोजू नका, वावरात यंत्र ओढून दहा फेऱ्यांत किती मीटर गेलं ते मोजा आणि दहाने भागा. चाक घसरतं, ते त्यात येतं.

समजा एका फेरीला १.५ मीटर. पाच दाते, ४५ सेंटीमीटर अंतर, म्हणजे रुंदी २.२५ मीटर. २० फेऱ्यांत ६७.५ चौरस मीटर. एकराचे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे असे ६० तुकडे. ३० किलोचे ६० भाग केले की ५०० ग्रॅम. पाचही नळ्यांना पिशव्या बांधा, चाक वीसदा फिरवा. एकूण अर्धा किलो आणि प्रत्येक पिशवीत १०० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. एकूण बरोबर पण एका पिशवीत ७० आणि दुसरीत १३० असेल, तर ते बरोबर नव्हे. बीजप्रक्रिया केलेलं बी चिकट होतं आणि कमी पडतं, म्हणून हे काम प्रक्रिया केलेल्याच बियाण्याने करा.

गावातला पर्जन्यमापक खरा आहे का, हे पाहता येतं?

येतं. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटीमीटर असेल, तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिली पाणी. स्वयंचलित यंत्रात २०० मिली पाणी थेंब-थेंब सोडलं की १० मिलिमीटर दिसायला हवेत. भसकन ओतलं तर आतलं उलटणारं भांडं उलटता-उलटता पाणी निसटतं आणि आकडा कमी येतो. मुसळधार पावसात नेमकं तेच होतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर ही अतिवृष्टीची रेषा असल्याने इथे दोन-तीन मिलिमीटरही महाग पडतात. सरकारी यंत्राला मात्र स्वतः हात लावू नका, शेजारी आपला साधा पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या.

माती परीक्षणाचा सामू (पीएच) मीटर कोणत्या द्रावणाने ताडायचा?

सामू ७ आणि ९.२ अशा दोन बफर, म्हणजे ठरावीक सामूच्या, द्रावणांनी. पुष्कळ जण ४ आणि ७ वापरतात. पण आपली काळी जमीन सहसा साडेसात ते साडेआठच्या घरात असते, तेव्हा ताडणंही त्याच पट्ट्यात हवं. पूर्व विदर्भातल्या धानाच्या आम्ल जमिनींना ४ आणि ७ योग्य. ९.२ चं द्रावण उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उतरतं. वापरलेलं बाटलीत परत ओतू नका.

थर्मामीटर उकळत्या पाण्यात १०० दाखवत नाही. बिघडला का?

नागपूरच्या उंचीवर पाणी साधारण ९९ अंशांवरच उकळतं. कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या काल्यात तपासा, तिथे शून्य हवं. तापाचा थर्मामीटर मात्र उकळत्या पाण्यात घालू नका, तो फुटतो.

पेट्रोल पंपावर?

पाच लिटरचं छाप असलेलं माप मागा, ते ठेवणं पंपाला बंधनकारक आहे. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंत फरक मर्यादेत धरतात. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र हातात आलं. त्यात काय पाहायचं?

उपकरणाचा क्रमांक तुमच्याच काट्याचा आहे का. प्रत्येक बिंदूवरचा फरक आकड्यात दिलाय का. नुसतं ‘समाधानकारक’ लिहिलेला कागद फाइलला जड, कामाला हलका. अनिश्चितता दिली आहे का, म्हणजे त्यांनी सांगितलेला फरक स्वतः कितपत पक्का आहे. जुळवलं असेल तर आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे आहेत का. आणि त्यांनी वापरलेली वजनं कुणाशी ताडली होती याचा उल्लेख आहे का. ही साखळी वर चढत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जायला हवी. भारताचा किलोग्रॅमचा ५७ क्रमांकाचा ठोकळा तिथेच आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या ठोकळ्यावर नाही तर प्लांकच्या स्थिरांकावर बांधलेली आहे, पण त्याने तुमच्या तुरीच्या कट्ट्याला काही फरक पडत नाही.

प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असेल, तर ती वजनाच्या कोणत्या पल्ल्यासाठी आहे तेही वाचा. एक किलोपर्यंत मान्यता असलेल्याने १०० किलोचा काटा ताडून दिला, तर कागदावरचं चिन्ह त्या कामाचं नाही.

किती दिवसांनी ताडावं?

घरच्या काट्याला हंगामाच्या सुरुवातीला पूर्ण, आणि रोज सकाळी एकच २० किलोचं वजन ठेवून आकडा वहीत. महिनाभर आकडा हलला नाही तर आठवड्यातून एकदा पुरे. काटा पडला, भिजला, दुसऱ्या गावी नेला किंवा त्यावर क्षमतेहून जास्त भार पडला, तर त्याच दिवशी पूर्ण. खरेदी केंद्राच्या काट्याला तूर-सोयाबीनच्या गर्दीत दिवसातून दोनदा, सकाळी आणि उन्हं चढल्यावर. त्यासाठीचं वजन कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. ते दाराला अडकण म्हणून लावलेलं दिसलं, तर आधी ते वजनच ताडून घ्या.